खासगी दवाखान्यांचे संगणकीकरण : केसपेपरकडून संगणकीय नोंदीकडे

खासगी वैद्यकीय व्यवसायाच्या नोंदी संगणकावर ठेवाव्यात, ही अपेक्षा भारतात नवी नाही. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये लागू केलेल्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांत, नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून त्यांच्या संगणकीकरणाचे प्रयत्न करावेत, असे कलम आहे. त्याच विनियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षे जतन करणे आणि रुग्णाने, त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने अथवा कायदेशीर यंत्रणेने मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रे देणे बंधनकारक आहे. जतन करणे आणि प्रत देणे याबाबत नियमाची भाषा सक्तीची आहे. संगणकाबाबत ती केवळ प्रयत्नाची आहे. मोठ्या रुग्णालयांनी स्वतंत्र माहिती तंत्रज्ञान विभाग उभारून हा प्रयत्न केला. एक डॉक्टर आणि एक-दोन मदतनीस यांच्यावर चालणाऱ्या दवाखान्याला मात्र तो स्वतःच्या वेळातून आणि स्वतःच्या खिशातून करावा लागतो.

संगणक येण्यापूर्वीही अशा दवाखान्यात लेखनकाम थोडे नव्हते. आयकर नियमावली, १९६२ मधील नियम ६-एफ खाली वैद्यकीय व्यावसायिकांसाठी ‘नमुना ३-सी’ ही दैनंदिन रुग्णनोंदवही विहित करण्यात आली. तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, दिलेली सेवा, मिळालेले शुल्क आणि ते मिळाल्याची तारीख असे तिचे रकाने आहेत. दवाखान्यातूनच औषधे देणाऱ्या डॉक्टरांना वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच्या औषधसाठ्याची यादीही ठेवावी लागे. याखेरीज दिलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रांची नोंदवही असते. तिच्यात रुग्णाची ओळखचिन्हे नमूद करून प्रमाणपत्राची प्रत राखून ठेवणे अपेक्षित आहे.

या सर्व नोंदींत रुग्णाच्या आजाराचा इतिहास मात्र अभावानेच आढळतो. तीन वर्षे जतनाची अट आंतररुग्णांपुरती आहे. बाह्यरुग्णाचा केसपेपर बहुतेक ठिकाणी त्याच्याच हाती दिला जातो आणि तो घरातील प्लास्टिकच्या पिशवीत, तपासण्यांच्या अहवालांसोबत राहतो. पिशवी हरवली किंवा पावसात भिजली, की मधुमेहाच्या दहा वर्षांच्या उपचारांतील कोणते औषध कधी सुरू झाले, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते, याचा पुरावा संपतो. जुन्या फॅमिली डॉक्टरांच्या स्मरणशक्तीने ही उणीव पुष्कळ वर्षे भरून काढली. स्थलांतर करणाऱ्या, दर दोन वर्षांनी शहर बदलणाऱ्या कुटुंबांना ती सोय उरलेली नाही.

नोंदीकडे पाहण्याची डॉक्टरांची दृष्टी बदलण्यास न्यायालयेही कारणीभूत ठरली. सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात १३ नोव्हेंबर १९९५ रोजी दिलेल्या निकालाने, शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. रुग्णाला त्याच्या नोंदींची प्रत नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. उपचार योग्य होते किंवा नव्हते, याचा निवाडा नोंदीवरून होऊ लागला आणि न लिहिलेली तपासणी ही न केलेली तपासणी मानली जाण्याचा धोका निर्माण झाला.

त्यानंतरची नियमावली टप्प्याटप्प्याने संगणकाकडे सरकत गेली. वैद्यकीय आस्थापना कायदा, २०१० खालील केंद्र सरकारच्या २०१२ च्या नियमांत प्रत्येक रुग्णाची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवण्याची अट नोंदणीशी जोडण्यात आली. हा कायदा सर्व राज्यांनी स्वीकारलेला नाही. महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच लागू आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये प्रथम जाहीर केली आणि डिसेंबर २०१६ मध्ये ती सुधारली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या नव्या विनियमांत तीन वर्षांच्या आत सर्व नोंदी पूर्णतः डिजिटल करण्याची मुदत घातली होती. परंतु इतर तरतुदींवरून वाद उद्भवल्याने त्याच महिन्यात संपूर्ण विनियमच स्थगित करण्यात आले आणि २००२ ची संहिता पुन्हा लागू झाली.

२०१६ च्या मानकांतील एक तरतूद विशेष लक्ष देण्याजोगी आहे. नोंद ज्या माध्यमावर साठवली आहे ते माध्यम डॉक्टरचे किंवा रुग्णालयाचे. पण त्यातील माहिती रुग्णाची, आणि डॉक्टर ती रुग्णाच्या वतीने केवळ विश्वस्त म्हणून सांभाळतो, असे त्यात म्हटले आहे. संगणकप्रणाली विकत घेताना विचारावयाचे बहुतेक प्रश्न याच एका वाक्यातून निघतात.

वेळेचा हिशेब

संगणकीकरणाचा खर्च सहसा यंत्र, छपाईयंत्र, इन्व्हर्टर, इंटरनेट जोडणी आणि प्रणालीचे वार्षिक शुल्क या स्वरूपात मांडला जातो. प्रत्यक्षात लहान दवाखान्यातील सर्वांत महाग वस्तू म्हणजे तपासणीतील मिनिटे. ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या आढाव्यात प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टर-रुग्ण भेटीचा सरासरी कालावधी स्वीडनमध्ये २२.५ मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद आणि भारतात सुमारे दोन मिनिटे असल्याचे नमूद करण्यात आले. दोन मिनिटांच्या भेटीत एक मिनिट टंकलेखनाला गेले, तर तपासणी निम्म्यावर येते. दिवसाला ६० रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरच्या बाबतीत प्रत्येकी एक मिनिट वाढले, तर दवाखाना रोज एक तास उशिरा बंद होतो.

श्रीमंत देशांतही ही अडचण सुटलेली नाही. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने डॉक्टरांना इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी मोठे आर्थिक प्रोत्साहन दिले. तेथील ५७ डॉक्टरांच्या कामाचे निरीक्षण करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणकावरील नोंदी आणि टेबलावरच्या कामात जात होते. हा अनुभव पाहता भारतीय दवाखान्याने परदेशी रुग्णालयांसाठी घडवलेली प्रणाली जशीच्या तशी स्वीकारणे हितावह नाही.

ज्या दवाखान्यांत संगणक रुजला, तेथे तो बहुधा डॉक्टरच्या टेबलावर नव्हे, तर बाहेरच्या खिडकीवर प्रथम आला. नाव, वय, दूरध्वनी क्रमांक, भेटीची वेळ, पावती आणि पुढच्या तारखेची आठवण ही कामे मदतनीस करू शकतो. त्यामुळे डॉक्टरचा वेळ खर्च होत नाही आणि जमाखर्चाची वही आपोआप तयार होते. रुग्ण दुसऱ्यांदा आला की मागील भेट पडद्यावर दिसते. येथेच एक किरकोळ वाटणारी अडचण मोठी होऊन बसते. एकच व्यक्ती कधी आडनावासह, कधी केवळ वडिलांच्या नावासह, तर कधी लग्नापूर्वीच्या नावाने नोंदवली जाते. कुटुंबातील पाच जणांचा दूरध्वनी क्रमांक एकच असतो. नोंदणीच्या वेळी ओळख पक्की केली नाही, तर एका रुग्णाची तीन अर्धवट खाती तयार होतात आणि क्वचित सुनेच्या नोंदीत सासूचा रक्तदाब लिहिला जातो. कागदावर असा घोटाळा अक्षरावरून लक्षात येत असे. संगणकाच्या एकसारख्या अक्षरांत तो लपतो.

दुसरा टप्पा छापील औषधचिठ्ठीचा. २००२ च्या विनियमांत २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिणे अपेक्षित आहे. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, वाचता येईल अशी औषधचिठ्ठी हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील आरोग्याच्या अधिकाराचा भाग मानला आणि संगणकीय औषधचिठ्ठी रुळेपर्यंत मोठी अक्षरे वापरण्याचे निर्देश दिले. नेहमीच्या आजारांसाठी आधीच तयार केलेल्या औषधसंचांमुळे छापील चिठ्ठी हातच्या चिठ्ठीइतक्याच वेळात निघू शकते. औषध कसे घ्यावे याची सूचना मराठी, कानडी किंवा बंगालीत छापता येते, हा लाभ फारसा सांगितला जात नाही. पण ‘१-०-१’ अशी खूण समजून घेण्यासाठी औषधविक्रेत्याला विचारत बसणाऱ्या वृद्ध रुग्णासाठी तो सर्वांत मोठा आहे.

छापील अक्षर म्हणजे अचूक अक्षर, हा समज मात्र घातक आहे. यादीतून औषध निवडताना बोट एक ओळ खाली सरकले, तर चुकीचे औषध अत्यंत सुवाच्य अक्षरात छापले जाते आणि त्याविषयी शंका घेण्याचे कारण औषधविक्रेत्यालाही उरत नाही. मागील चिठ्ठी जशीच्या तशी पुढे ओढण्याची सोय तर दुधारी आहे. बंद केलेले औषध त्या सोयीने महिनोन्‌महिने चालू राहते आणि ‘छाती स्वच्छ’ हा शेरा न तपासताही दर भेटीत उमटतो. न्यायालयात अशा तंतोतंत सारख्या नोंदी डॉक्टरच्या बाजूने फारशा बोलत नाहीत.

तपासणीची संपूर्ण वैद्यकीय नोंद संगणकावर घेणे हा तिसरा आणि कठीण टप्पा होय. अमेरिकी वैद्य लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये मांडलेली समस्यानिहाय नोंदीची पद्धत, म्हणजे रुग्णाची तक्रार, डॉक्टरला आढळलेली लक्षणे, निदान आणि पुढील योजना अशा चार भागांतील लेखन, आजही बहुतेक प्रणालींचा पाया आहे. ज्या डॉक्टरला कागदावर या शिस्तीने लिहिण्याची सवय नाही, त्याला ती संगणक लावू शकत नाही. दीर्घकालीन आजारांत या टप्प्याचे फळ ठळकपणे दिसते. साखरेचे, रक्तदाबाचे, क्रिएटिनिनचे आकडे रांगेने समोर आले, की मूत्रपिंडावरील परिणाम एकेका अहवालात न दिसताही आलेखात दिसतो. सर्दी-खोकल्यासाठी वर्षातून एकदा येणाऱ्या रुग्णाकरिता दोन ओळी पुरेशा आहेत. सर्व रुग्णांसाठी सर्व रकाने भरण्याचा अट्टहास करणारे दवाखाने काही महिन्यांत कागदाकडे परततात, ते याच कारणाने.

दूरस्थ सल्ल्याने या प्रश्नाला निराळे वळण दिले. २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा सल्ल्याची नोंद, रुग्णाने पाठवलेले अहवाल आणि दिलेली औषधचिठ्ठी जतन करणे डॉक्टरला आवश्यक आहे. हा सर्व ऐवज व्यक्तिगत मोबाइलमधील संदेशांत पडून राहतो आणि मोबाइल बदलला की जातो, असे चित्र आजही सर्रास आढळते.

शासकीय नोंदी आणि दुहेरी काम

सोनोग्राफी केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरांच्या बाबतीत नोंदीला फौजदारी परिमाण आहे. प्रसवपूर्व निदान तंत्र कायदा, १९९४ खालील नियमांनुसार गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी एफ फॉर्म भरावा लागतो, मागील महिन्याचा अहवाल पुढील महिन्याच्या पाच तारखेपर्यंत पाठवावा लागतो आणि नोंदी दोन वर्षे जपाव्या लागतात. महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्हा प्रशासनाने एफ फॉर्म ऑनलाइन भरून घेण्याचा उपक्रम राबवला, त्याची देशभर चर्चा झाली. नोंदी संगणकावर ठेवल्या असतील, तर त्यांची छापील प्रत काढून जबाबदार व्यक्तीने साक्षांकित करून जतन करावी, असे हेच नियम सांगतात. म्हणजे येथे संगणक कागदाची जागा घेत नाही, त्यात भर घालतो. या फॉर्ममधील त्रुटींना निव्वळ कारकुनी चूक मानावे, ही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये फेटाळली.

क्षयरोगाची सूचना शासनास देणे ७ मे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ती न देणे दंडनीय ठरले. त्यासाठी ‘निक्षय’ हे संकेतस्थळ आहे. दवाखान्याच्या प्रणालीत लिहिलेली माहिती तेथे पुन्हा लिहावी लागते, ही व्यावसायिकांची नेहमीची तक्रार असून ती अवास्तव नाही.

वेगवेगळ्या प्रणालींनी एकमेकींशी बोलावे, यासाठी समान शब्दसंग्रह लागतो. ‘हार्ट अटॅक’, ‘एमआय’ आणि ‘हृदयविकाराचा झटका’ या तीन नोंदी एकाच घटनेच्या आहेत, हे यंत्राला सांगावे लागते. ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संज्ञासंग्रहाचे सदस्यत्व भारताने २०१४ मध्ये घेतले. या मानकांसाठीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये आहे. प्रत्यक्ष जोडणीचे काम आयुष्मान भारत डिजिटल मिशनकडे आले. १५ ऑगस्ट २०२० रोजी घोषणा होऊन सहा केंद्रशासित प्रदेशांत चाचणी झाल्यावर २७ सप्टेंबर २०२१ रोजी ते देशभर सुरू झाले. रुग्णासाठी १४ अंकी ‘आभा’ क्रमांक, डॉक्टर आणि आरोग्य संस्थांसाठी स्वतंत्र नोंदपटल आणि संमतीने नोंदींची देवाणघेवाण असे त्याचे स्वरूप आहे. ‘आभा’ ऐच्छिक आहे. तो नसल्याने उपचार नाकारता येत नाहीत. लहान व मध्यम दवाखान्यांसाठी ‘ई-सुश्रुत क्लिनिक’ ही हलकी प्रणाली उपलब्ध करण्याकरिता राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने २०२५ मध्ये सी-डॅकशी करार केला. या व्यवस्थेत नोंदी एखाद्या मध्यवर्ती कोठारात जमा होत नाहीत. जेथे तयार झाल्या तेथेच राहतात. त्यामुळे त्या सांभाळण्याचे ओझेही दवाखान्यावरच राहते.

सुरक्षितता आणि मालकी

हे ओझे किती असू शकते, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवरील सायबर हल्ल्याने दाखवून दिले. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयाला नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे अनेक दिवस हाताने करावी लागली. दवाखान्याच्या बाबतीत इतक्या मोठ्या हल्ल्याचीही गरज नसते. चोरीला गेलेला लॅपटॉप, सर्वांना ठाऊक असलेला एकच पासवर्ड किंवा विजेच्या झटक्याने निकामी झालेली हार्ड डिस्क पुरेशी ठरते. रोजची प्रत संगणकाबाहेर आणि शक्यतो दवाखान्याच्या इमारतीबाहेर ठेवणे, तसेच ती प्रत खरोखर उघडते का, हे अधूनमधून पाहणे आवश्यक आहे. दुसरी गोष्ट बहुधा संकट आल्यावरच आठवते.

वैद्यकीय नोंदी संवेदनशील व्यक्तिगत माहिती असल्याचे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत नमूद होते. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने जबाबदारी अधिक कठोर केली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. माहिती फुटल्यास मंडळाला आणि संबंधित प्रत्येक व्यक्तीला कळवावे लागेल. प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीकडून चूक झाली तरी कायद्यासमोर उत्तरदायी तो दवाखानाच, म्हणून कंपनीशी लेखी करार अनिवार्य ठरतो.

या करारात सर्वांत दुर्लक्षित राहते ते बाहेर पडण्याचे कलम. कंपनी बंद पडली, शुल्क दुप्पट झाले किंवा डॉक्टरने प्रणाली बदलावयाचे ठरवले, तर सर्व नोंदी वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात परत मिळतील का आणि किती दिवसांत, हे खरेदीपूर्वीच लिहून घ्यावे लागते. नोंदींच्या केवळ चित्रप्रती मिळाल्या, तर दुसऱ्या प्रणालीत त्यांतील आकडे शोधता येत नाहीत. शुल्क थकल्यास खाते गोठवण्याची अट करारात असेल, तर ७२ तासांत प्रत देण्याचे डॉक्टरचे कर्तव्य कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहते.

संगणकीय नोंद पुराव्यात आणताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. ते देता यावे, यासाठी कोणत्या खात्यातून कोणी, केव्हा नोंद केली आणि बदलली, याचा माग प्रणालीत राहणे आवश्यक आहे. चुकलेला शब्द पुसून नवा लिहिण्याऐवजी जुना तसाच ठेवून तारखेसह दुरुस्ती जोडणे, ही कागदावरची जुनी शिस्त येथेही लागू आहे. डॉक्टर आणि मदतनीस एकाच नावाने प्रणालीत शिरत असतील, तर या मागाला काहीच अर्थ राहत नाही.

जुन्या कागदांचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक दवाखान्यात निघतो. कपाटातील सर्व केसपेपर स्कॅन करण्याचा संकल्प बहुधा अर्धवट राहतो. त्याऐवजी एक तारीख ठरवून त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे खाते उघडणे आणि चालू औषधे, औषधांची ॲलर्जी, पूर्वीच्या शस्त्रक्रिया व जुने आजार एवढीच माहिती जुन्या कागदावरून घेणे व्यवहार्य ठरते. सुरुवातीचे काही आठवडे वही आणि संगणक दोन्ही चालवावे लागतात. मूळ कागद मुदत संपेपर्यंत आणि एखादे प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यास त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत राखून ठेवावेत. वीज गेल्यावर वापरण्यासाठी कोऱ्या केसपेपरांचा एक गठ्ठा खिडकीजवळ असावा आणि त्यावरील नोंदी त्याच दिवशी संगणकात कोणी चढवायच्या, हे आधीच ठरलेले असावे.